लांबड्याच्या डोक्यावर पांढरं

काचेच्या टाकीतल्या त्या माशाला कुल्पाश म्हातारीने आल्या दिवशीच नाव देऊन टाकलं होतं, सासरेबुवा. टाकीत दगड रचलेले होते, दगडांत एक नळी बसवलेली होती आणि त्या नळीतून त्याचं डोकं तेवढं बाहेर असायचं. डोळे पिवळट, नाकाशी दोन पिवळी नळकांडी, आणि तोंड दिवसभर उघडायचं नि मिटायचं.

"हुबेहूब आमचे सासरे," म्हातारी सुनेला सांगायची. "ते पण असेच दाराकडे बघत तोंड हलवत बसायचे. शिव्या देतायत का दुवा देतायत, मेले तरी मला कळलं नाही."

"आपा, हळू बोला. तुमच्या लेकाने ऐकलं तर जेवायचा नाही तो," कामशात म्हणायची.

"नको जेवू दे. मासा जेवला म्हणजे त्याचं पोट भरतं."

म्हातारीच्या रागाचं कारण वेगळं होतं, आणि राग रास्त होता. दारासमोरची, खोलीतली सगळ्यात आतली जागा घरच्या वडीलधाऱ्या माणसाची. नवरा वारल्यापासून तिथे कुल्पाश बसायची. गेल्या पानगळीत एस्केंदीरने टाकी आणली ती नेमकी तिथेच मांडली, कारण विजेची बटणं त्याच भिंतीला होती. म्हातारीची गादी सरकत सरकत दाराशी आली. जिच्या नवऱ्याने खाणीतून दमून आल्यावर वीट वीट रचून हे घर उभं केलं, ती दाराशी, आणि मासा मानाच्या जागी. एस्केंदीरला यात काही वावगं दिसलं नाही. माणूस वाईट नव्हता तो. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मग दुसऱ्या कशाला तिथे जागा उरायची नाही, एवढंच.

मासा म्हणायचं झालं, पण ती समुद्रातली वाम होती, चांगली दीड हात लांब. समुद्र काय, कझाकस्तानच्या पार मध्यावरच्या कारागांदाच्या माणसाने नकाशात बघायची गोष्ट. एस्केंदीर दूर पश्चिमेला तेलविहिरींवर कामाला होता, एक महिना तिकडे आणि एक महिना घरी. तिकडून येताना अल्माटीला वाकडी वाट करून त्याने पिशवीभर पाण्यात ही वाम आणली. गाडीतली गरम हवा सगळी तिच्याकडे वळवून आणि स्वतः कुडकुडत आणली. घरी आल्यावर मीठ मोजून पाणी खारट केलं, पंप लावले, निळे दिवे लावले. पांढरट अंगावर काळे-पिवळे शिंतोडे, म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं बोरान, म्हणजे हिमवादळ. अंधार पडून घर निजलं की बोरान नळीतून बाहेर निघायचा आणि लांबच्या लांब अंग पसरून टाकीभर फिरायचा. तो सोहळा बघायला एस्केंदीर एकटा बसायचा, कधीमधी कामशात. म्हातारी त्या वेळी घोरत असायची. तिने आजवर डोक्यापलीकडे काही पाहिलेलंच नव्हतं. तिच्या लेखी तो एक बोडका, चिडका मासा होता.

या हिवाळ्यात एक प्रसंग झाला. म्हातारीने चहाला आधण ठेवायचं म्हणून गॅस सोडला, काडी सापडेना, तेवढ्यात नमाजाची वेळ झाली म्हणून ती तशीच उठून गेली. एस्केंदीर घरी होता म्हणून निभावलं. त्याने त्या मरणाच्या थंडीत सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि मग बायकोला अंगणात नेऊन सांगितलं.

"शहराबाहेर वृद्धाश्रम आहे. मी बोलून ठेवलंय."

"आपांना? लोक काय म्हणतील? तू धाकटा आहेस!"

आमच्यात घर धाकट्याचं आणि आईबापही धाकट्याचे. धाकट्याने आईला बाहेर ठेवली म्हणजे रस्त्यातून मान वर करून चालायची सोय राहत नाही.

"लोकांना आरोग्यधाम सांगू. गुडघ्यांसाठी नेलंय म्हणू," एस्केंदीर म्हणाला. "हे बघ, मी महिना महिना तिकडे असतो. झोप लागत नाही मला. अजून एकदा तिने असलं काही केलं ना, की मी विचारणार नाही कुणाला. नेऊन सोडणार."

त्या दिवसापासून कामशातचा जीव टांगणीला लागला. गॅसची कळ तिने स्वतःच्या ताब्यात घेतली, सुऱ्या उंचावर ठेवल्या, म्हातारीच्या औषधांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. बाहेरच्या बायका बोलायच्या, माहेरची माणसं बोलायची, नवरा न बोलता पुष्कळ बोलायचा. सासूने मात्र एवढ्या वर्षांत त्या बाबतीत तोंडातून ब्र काढला नव्हता. बाकी सगळ्यावर टोमणे, चहा पातळ, ओढणी वाकडी, पावाच्या कारखान्यातली बाई आणि घरात पाव शिळा! पण ते एक सोडून. एस्केंदीर नसला की दोघी एका ताटात जेवायच्या आणि टीव्हीतल्या मालिकेत कोण खोटारडं यावरून भांडायच्या. ही गेली तर या घरात आपण आणि ती वाम, दोघंच उरणार, हे कामशातला पक्कं ठाऊक होतं.

मे महिन्यात, एस्केंदीर तिकडे असताना, ते घडलं. पावाच्या कारखान्याने कामशातला नुकतंच कामगारांच्या एका पाळीची प्रमुख केलं होतं. भल्या सकाळी निघायचं, त्याआधी बोरानला खायला घालायचं. ती चिमट्यात कोळंबी धरून नळीपाशी उभी होती आणि साहेब तोंड उघडत होते, मिटत होते, खात मात्र नव्हते. तेवढ्यात कारखान्यातून फोन. पीठ मळायचं यंत्र बंद पडलं होतं, बायका हातावर हात धरून बसल्या होत्या. एकदाची कोळंबी त्याच्या तोंडात गेली. कामशातने झाकण टाकीवर टेकवलं आणि ती धावली. झाकणाला चार चाप होते. चारही लावायचे, असं एस्केंदीरने शंभरदा बजावलं होतं. त्या सकाळी तिने एकही लावला नाही.

दुपारी ती परतली तेव्हा म्हातारी पायरीवर बसली होती. डोक्याला धुतलेलं पांढरं वस्त्र, हातांना तेल. घरातून तळणीचा वास येत होता.

"ये गं केलिन, ये सूनबाई. जीव ओवाळून टाकीन तुझ्यावरून, इकडे ये."

एवढी माया ऐकून कामशात आधी घाबरलीच. "काय झालं आपा? गॅस कुणी लावून दिला?"

"शेजारच्या राबिगाला हाक मारली. तू म्हणतेस म्हणून कळीला हात लावला नाही मी. बस. लांबडं आलं होतं घरात."

"काय?"

"लांबडं गं. स्वयंपाकघरात. मी पाणी प्यायला गेले तर फरशीवर हे एवढं! आणि काय देखणं सांगू. पांढरं, वर ठिपके. माळावर जन्म गेला माझा, असलं रूप पाहिलं नाही. मी काही ओरडले नाही. काठीला हात लावला नाही. घरात आलेल्या लांबड्याला मारायचं नसतं, त्याच्या डोक्यावर पांढरं ओतायचं आणि वाट दाखवायची. माझ्या आईने दाखवलं होतं मला. भांडंभर दूध घेतलं, डोक्यावर ओतलं आणि म्हटलं, पाहुण्या, आलास तसा सुखाने जा. केरसुणीने हळूच दारापर्यंत आणलं. फार शहाणं बाई. फुत्कार नाही, डंख नाही. गेलं आपलं सरपटत कोळशाच्या खोपटाकडे."

कामशातला न लावलेले चार चाप आठवले. म्हातारीने तिचा हात धरला आणि आवाज खाली आणला.

"पांढरं ओतताना मागून घ्यायचं असतं. मी तुझ्यासाठी मागितलं. काय मागितलं ते विचारू नकोस, मला सांगता यायचं नाही. पण मिळेल."

मग तिने तळलेल्या पातळ रोट्यांची परात उचलली. असा पाहुणा येऊन गेला म्हणजे शेजारीपाजारी रोट्या वाटायच्या असतात. गुडघ्यांना शिव्या देत, परात सांभाळत ती फाटकाबाहेर गेली. तिला आताच सगळं सांगावं असं कामशातच्या ओठांवर आलं होतं. पण त्या परातीकडे आणि त्या धुतलेल्या वस्त्राकडे बघून तिची जीभ उचलली नाही. नंतर सांगू, असं तिने ठरवलं. ते नंतर फार महागात पडलं.

आत झाकण एका बाजूला सरकलेलं होतं. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत खारट पाण्याचा वाळका माग होता आणि नळी रिकामी होती.

बोरान खोपटाच्या सावलीत सापडला. अंगावर दूध वाळून पापुद्रा झालेला, त्याला कोळशाची भुकटी आणि काटक्या चिकटलेल्या. तिला तो मेल्यासारखाच वाटला. मग तोंड उघडलं. पुष्कळ वेळाने मिटलं. कामशातने ओला टॉवेल आणला, दोन्ही हातांनी त्याला उचललं, बादलीत टाकीतलं पाणी घेऊन त्याचं अंग धुतलं, कल्ल्यांमधलं दूध बोटाने काढलं. धुताना ती त्याच्याशी बोलत होती. "जग रे बाबा," ती म्हणत होती, "तुला काय पाहिजे ते आणते, पण जग." त्या किळसवाण्या जनावरासाठी ती आयुष्यात पहिल्यांदा रडली, आणि त्यातलं त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

तो जगला तर काही झालंच नव्हतं. म्हातारीने एक साप पाहिला आणि रोट्या वाटल्या, गल्लीत दोन दिवस गप्पा, संपलं. तो मेला आणि एस्केंदीरच्या कानावर पांढऱ्या ठिपक्यांच्या लांबड्याची गोष्ट गेली, तर दोन आणि दोन चार करायला त्याला वेळ लागणार नव्हता.

बोरान जगला, म्हणजे नळीत जाऊन पडला. खाईना. कातडीवर दुधाळ डाग उठले. कामशातने पुन्हा पुन्हा मीठ कालवून पाणी बदललं, कमरेचा काटा ढिला झाला तिच्या. रोज संध्याकाळी एस्केंदीरचा फोन यायचा. तो आधी बायकोकडे बघायचा नाही, म्हणायचा, "टाकीकडे धर." ती धरायची. नळीतून डोकं दिसायचं, तोंड उघडायचं, मिटायचं.

"खातोय ना?"

"खातोय."

"डोळे जरा गढूळ वाटतात."

"फोनमुळे असेल."

म्हातारी दाराशेजारच्या गादीवरून ओरडायची, "एस्केंदीर, तुझा मासा बरा आहे. मी कशी आहे ते पण विचार कधी!"

एस्केंदीर येणार त्या सकाळी बोरान नळीबाहेर आला. तिच्यादेखत पहिल्यांदाच दिवसाउजेडी, आणि तळाच्या वाळूवर उताणा. म्हातारी आतल्या खोलीत नमाज पढत होती. कामशातने त्याला जाळीने काढलं, कागदात गुंडाळलं आणि काय बोलायचं ते मनाशी घोकलं. झाकण मीच उघडं ठेवलं, कपाटामागे मरून पडलेला सापडला. यातलं अर्धं तर खरंच होतं.

एस्केंदीर दुपारी आला. तिने दारातच सांगून टाकलं. तो बूट काढून, कोट अंगात तसाच ठेवून टाकीसमोर बसला. कागद उलगडून मांडीवर घेतला.

"चार चाप आहेत," तो म्हणाला.

"हो."

"चार."

"मी कामाच्या घाईत होते. चूक माझी आहे. काय बोलायचं ते बोल मला."

तो बोटाने बोरानच्या अंगावरचे ठिपके चाचपत राहिला. त्याने ओरडावं, भांडी फेकावीत, असं कामशातला मनापासून वाटत होतं. पण निदान गोष्ट आपल्यापाशी थांबली, असंही वाटलं, आणि तिने चहा ओतायला घेतला.

तेवढ्यात म्हातारी आतून आली. मुलगा दिसताच तिचा चेहरा फुलला.

"शिंगरा माझ्या! कधी आलास? सुयुन्शी दे! आधी सुयुन्शी, मग बाकी!"

चांगली बातमी आणणारा असं ओरडतो आणि ऐकणाऱ्याने बक्षीस द्यायचं असतं. नाही म्हणायची रीतच नाही. कामशातने किटली खाली ठेवली. "आपा, तो दमून आलाय, नंतर..."

"तू गप गं. बातमी माझी आहे. दिलीस का रे सुयुन्शी?"

"दिली," एस्केंदीर कागदावरची नजर न काढता म्हणाला. "सांग."

आणि म्हातारीने सांगितली. सगळी, रंगवून. पांढरं अंग, ठिपके, दूध, केरसुणी, खोपट. हातांनी लांबी दाखवली. कागद तिच्या पुढ्यातच होता, पण त्याची एक घडी वर आलेली होती आणि म्हातारीचं लक्ष मुलाच्या तोंडाकडे होतं. एस्केंदीरने मान वर केली ती आईकडे नाही, बायकोकडे. कामशातने नजर खाली घातली.

"काय हवं तुला सुयुन्शीत?" त्याने विचारलं. आवाज अगदी शांत होता.

म्हातारी लाजली. खरोखर लाजली, पोरीसारखी. "माझी आतली जागा दे मला. दाराशी वारा लागतो रे."

"घे की. टाकी रिकामीच आहे आता. आणि जागा काय, त्याहून मोठं देतो. उद्या तुला आरोग्यधामात नेतो. गुडघे शेकतील, मालिश करतील."

"मला?" म्हातारीने दोन्ही गुडघे चोळले. "ऐकलंस का केलिन? बघ, पांढऱ्याचा गुण!"

कामशातने नवऱ्याला अंगणात गाठलं. तो नळावर हात धूत होता.

"तिची चूक नाही त्यात. तिने आजवर नुसतं डोकं पाहिलं होतं. तू पूर्ण पाहिलास, मी पाहिला, तिने नाही. घरात साप दिसला तर तिने काय करायचं होतं? तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी साप आणि मासा ओळखला असता."

"अंधारात तुझ्या आईला उठवून कधी दाखवलास तू तो?"

एस्केंदीरने नळ बंद केला. बरोबर नेम लागला होता. पण नेम लागलेला माणूस नेहमी मऊ होतो असं नाही.

"बरं, नसेल चूक," तो म्हणाला. "गॅसचीही नव्हती. उद्याचीही नसेल. तू आत्ता माझ्या तोंडावर खोटं बोललीस कामशात, का माहितीय? तुलाही भीती वाटते. तू दिवसभर कामावर, मी हजार कोसांवर. घरात कोण आहे? ठीक आहे. उद्यापासून कामावर जाऊ नकोस. तू बस तिच्यापाशी, मग राहू दे तिला. बोल."

'हो' एवढंच म्हणायचं होतं. कामशातने तोंड उघडलं. तिला भट्टीसमोरच्या बायका दिसल्या, "ताई, हे बघा जरा" म्हणून तिला हाका मारणाऱ्या. पांढरा कोट दिसला, त्याच्या खिशावर तिचं नाव शिवलेलं. तिथे तिला कुणी मूल कधी होणार विचारत नव्हतं, पाव कधी होणार विचारत होतं. आणि मग हे घर दिसलं, त्यातले महिने दिसले, एकामागून एक. तिने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज काही आला नाही.

एस्केंदीरने हात पुसले. फार वेळ थांबला नाही तो. "बघ," म्हणाला आणि फोन काढून फाटकाकडे गेला.

दिवस कलायच्या आत ती त्याच्यामागे गेली. "मी सोडते काम," ती म्हणाली. "खरंच सोडते."

"कळवून झालं माझं त्यांना," तो म्हणाला. "आणि तू म्हणतेस ते तुलाही खरं वाटत नाहीये."

ते तिच्या जिव्हारी लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी ती म्हातारीचं सामान बांधायला बसली. म्हातारी आपल्या जुन्या जागेवर बसून चहा पीत होती. पाठीमागे टाकी होती. पंप बंद, दिवे बंद. बराच वेळ तिने मान वळवून टाकीत पाहिलं.

"सासरेबुवा कुठे गेले?"

कामशात कपड्यांच्या घड्या घालत राहिली. म्हातारीने वाटी खाली ठेवली. फरशीवर हाताने अंतर मोजलं, एक हात, मग अर्धा, जसं दुपारी मुलाला दाखवलं होतं. मग पुन्हा नळीकडे पाहिलं.

"एवढे लांब होते ते?" ती हळूच म्हणाली.

"हो, आपा."

"मला सांगायचंस गं. मी त्याच्याकडे सुयुन्शी मागितली. पोराच्या मेलेल्या माशाची सुयुन्शी." तिने तोंडावर ओढणी ओढली. "आणि बघ तरी, कसा रागावला नाही. उलट आरोग्यधामात नेतोय मला. म्हणजे पोर मनाने चांगलं आहे माझं."

कामशातला वाटलं, आता तरी सांगावं. धाय मोकलून सांगावं सगळं. तिने ट्रंकेचं झाकण दाबलं. ते लागेना. तळाशी एक गाठोडं होतं, ते तिने काढून वेगळं बांधलं, फुलाफुलांच्या कापडात, आणि दाराशी ठेवलं. आपा याच्याशिवाय कुठे राहिलेल्या नाहीत, त्यांच्याजवळ असू दे, एवढाच विचार तिने केला. त्यापुढे तिचं डोकं चाललंच नाही.

सकाळी म्हातारी मखमली जाकीट घालून, पांढरं वस्त्र बांधून तयार होती. शेजारची राबिगा फाटकापर्यंत आली. "मजा आहे बुवा! परत येशील तेव्हा पळत येशील!" म्हणाली. "पळत येईन आणि तुझा म्हातारा पळवून नेईन," कुल्पाश म्हणाली आणि दोघी हसल्या. एस्केंदीर गाडी सुरू करून बसला होता. त्याने आरशातून मागे पाहिलं नाही.

म्हातारीने एक पाय गाडीत टाकला आणि मागच्या सीटवर बघितलं. ट्रंक होती, रजई होती, नमाजाची सतरंजी होती. आणि सगळ्यांच्या वर ते फुलाफुलांचं गाठोडं.

आमच्यातली प्रत्येक म्हातारी असं एक गाठोडं जपते. त्यात कफनाचं पांढरं कापड असतं, साबण असतो, मयताला अंघोळ घालणाऱ्या बायकांना द्यायच्या ओढण्या असतात. सवडीने, एकेक वस्तू जमवून ठेवलेली असते. गुडघे शेकायला जाणारी बाई ते बरोबर नेत नाही.

कुल्पाश तशीच उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर. गाडीचा आवाज चालू होता. "चल ना आपा, ऊन वाढेल," एस्केंदीर पुढे बघत म्हणाला. ती त्याच्याशी बोलली नाही. तिने सुनेकडे पाहिलं.

"हे तू बांधलंस?"

"हो, आपा."

"चांगली मारलीस गाठ," म्हातारी म्हणाली. ती आत बसली, ते गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि गाडीचं दार तिने स्वतःच ओढून घेतलं.